लाल बटण

मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या त्या संस्थेची वेबसाइट इतकी जुनाट होती, की तिला नवं रूप द्यायला घेतलेल्या चिकट्याला ती बघवेना. करडी पानं, मुंगीएवढी अक्षरं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक भलंमोठं लाल बटण: 'पान लगेच बंद करा'. ते दाबलं की वेबसाइट गायब होऊन हवामानाचा अंदाज उघडायचा. आलेल्या माणसाला आपणच बाहेरची वाट दाखवायची, ही कुठली रीत, असं चिकट्याला वाटलं. आजवर त्यानं चपलांची, चष्म्यांची, गाद्यांची दुकानं इंटरनेटवर थाटून दिली होती. हाती घेतलेलं काम तडीला नेल्याशिवाय सोडत नाही म्हणून थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्याला हे नाव लहानपणीच चिकटवलं होतं.

"ते लाल बटण राहू दे हं," संस्थेच्या वकीलबाई एकदा म्हणाल्या. "काही जणींना लागतं ते."

"बघतो," चिकट्या म्हणाला, आणि नवं रूप उठून दिसावं म्हणून बटण काढूनच टाकलं. शिवाय दुकानांसाठी वापरायचा तीच युक्ती त्यानं इथेही लावली. माणूस परत आला, की मागच्या वेळी तो जे पान वाचत होता तेच त्याच्या पुढ्यात यायचं. गादी बघून गेलेल्याला पुन्हा तीच गादी. आता गाद्या आणि कोर्टकचेऱ्या यांत थोडा फरक असतो, पण हुशार माणसाला समजावणार कोण? वकीलबाई तेव्हा कोर्टाच्या कामात बुडालेल्या. त्यांनी नुसतं पहिलं पान पाहिलं, छान झालंय म्हणाल्या, आणि नवी वेबसाइट सुरू झाली. चिकट्यानं मोठ्या कौतुकानं ती घरच्यांच्या ग्रुपवर पाठवली.

दर रविवारी तो ताईकडे जेवायला जायचा. भावोजी मोठे गोडबोले. "आमच्यात लपवाछपवी नाही," हे त्यांचं पालुपद. ताईनं फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचं, टॅब दोघांचा, त्याला पासवर्ड नाही. भावोजींचा स्वतःचा फोन मात्र शर्टाच्या खिशातून बाहेर पडायचा नाही. हे चिकट्याला दिसत होतं, पण बहिणीचा संसार म्हणजे झाकली मूठ, आपण कशाला उघडायची, असं त्याचं मत.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर भावोजींनी टॅब पुढे सरकवला. "दाखव बघू तुझी कारागिरी."

चिकट्यानं ऐटीत वेबसाइट उघडली. वर निळी पट्टी आली: 'पुन्हा स्वागत. मागच्या वेळी तुम्ही इथे थांबला होता.' आणि खाली ते पान उलगडलं: 'नवऱ्याचं घर सोडण्याआधी काय काय जवळ ठेवावं'.

ओट्यापाशी ताटं पुसणाऱ्या ताईचा हात थांबला. भावोजी शांतपणे वाचत होते. तोंडावरचं हसू तसंच होतं, पण डोळे हसत नव्हते. चिकट्यानं बहिणीकडे पाहिलं. इतकी घाबरलेली ती त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"आमच्या घरात हे कोण वाचतंय?" भावोजींनी हळूच विचारलं.

"मीच की," चिकट्या म्हणाला. "मागच्या रविवारी तुम्ही जेवून जरा पडला होतात ना, तेव्हा याच टॅबवर एकेक पान तपासत बसलो होतो. हे शेवटचं. बघा, कुठे थांबलो ते बरोबर सांगतंय."

थाप मारतानाही गडी चिकटच निघाला. अक्षरं कशी मोठी केली, रंग कसे निवडले, घरमालक आणि भाडेकरूच्या भांडणाचं पान कसं मांडलं, एकामागून एक दाखवतच सुटला. भावोजी जांभया द्यायला लागले तरी त्यानं टॅब हातचा सोडला नाही.

"तपासायला दुसरं पान नाही मिळालं तुला," असं म्हणत ते अखेर आत जाऊन लवंडले. चिकट्याचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं सगळ्यात आधी टॅबवरची ती आठवण पुसली.

ताई त्याला सोडायला फाटकापर्यंत आली.

"हिस्टरी मी रोज पुसते," ती खाली बघत म्हणाली. "पण तुझी वेबसाइट आपणहून लक्षात ठेवते, हे मला काय माहीत?"

"माझं चुकलं, ताई. आजच काढतो ते." त्याला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. "कधीपासून वाचतेस?"

"झाली की दोन-तीन वर्षं. जुनीत ते लाल बटण होतं ना, ते बरं होतं. ह्यांची चाहूल लागली की दाबायचं, हवामान यायचं. ह्यांना वाटतं, मला पावसापाण्याचं वेड आहे." ती जराशी हसली. "नवीत मी आधी तेच शोधलं."

दर रविवारी इथे पोटभर जेवून, ढेकर देऊन तो घरी जात होता.

"पानाच्या खाली नंबर दिलाय," ताई म्हणाली. "केला तर कुणी उचलतं का, की नुसताच वाजत राहतो?"

"वकीलबाई स्वतः उचलतात. रविवारीसुद्धा. माझ्या फोनवरून लावू?"

तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. चिकट्यानं नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. सवयीनं तिचं बोट स्पीकरकडे गेलं. तिनं ते मागे घेतलं आणि फोन कानाला लावला.