पंगतीची ठेव

कॉलेज काढणं सोपं असतं. चार पुढारी, एक फोटोवाला आणि एक नारळ, एवढ्यावर काम भागतं. चालवायला मात्र विरुपाक्ष आप्पांसारखा माणूस लागतो, ज्याला नाही म्हणता येत नाही. नळदुर्गाच्या पुढं हमरस्त्याला लागून एक बाजारपेठेचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. तिथल्या शिक्षण संस्थेचे आप्पा आठ वर्षं खजिनदार होते. पेशानं आडते. संस्थेतून पगार शून्य, शिव्या मात्र वेळच्या वेळी मिळायच्या.

संस्था धर्मादाय. म्हणजे मालक कुणीच नाही आणि हक्क सांगायला सगळं गाव. आडतीवर उतरणाऱ्या पोत्यामागं पाच पैसे कॉलेजसाठी कापले जायचे, कारखान्याला ऊस गेला तर टनामागं चार आणे. त्यावर प्राध्यापकांचे पगार, खडू आणि चेअरमनसाहेबांच्या सत्काराचे हार निघायचे. बहात्तर साली पोतंही आलं नाही आणि ऊसही नाही. बाजारात विकायला येत होती ती जनावरं आणि घरातली तांब्याची भांडी. त्यांच्यावर धर्मादाय कापायची कुणाची छाती झाली नाही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो विद्यापीठानं धाडला. दिवाळीनंतर पत्र आलं. कॉलेजची तात्पुरती मान्यता संपत होती. पंचवीस हजारांचा राखीव निधी विद्यापीठाच्या नावे बँकेत ठेवा, फेब्रुवारीत चौकशी समिती येईल, ती निधीची पावती बघेल आणि वर्गात बसलेली डोकी मोजेल. शंभराच्या आत भरली किंवा पावती नसली, तर मान्यता गेली आणि एकाही पोराला परीक्षेला बसता येणार नाही.

डोक्यांची काळजी तेव्हा कुणालाच नव्हती. पटावर एकशे एकवीस नावं होती. काळजी पैशाची होती, कारण संस्थेच्या खात्यात सगळे मिळून तीनशे अकरा रुपये होते.

आणि गंगम्माची ठेव होती.

गंगम्मा ही महादेवाच्या देवळामागं एका खोलीत राहणारी विधवा बाई. तिचा एकुलता एक मुलगा सोलापुरात शिकायला होता. वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. एक घर गाव सोडून गेलं आणि त्याचा मंगळवार रिकामा पडला, पुढं गुरुवारही. पोरगा लाजाळू, कुणाला बोलला नाही. मुदतीचा ताप आला तेव्हा त्याच्या अंगात ताप सोसायला काही उरलं नव्हतं. गंगम्मानं बारा एकर रान विकलं आणि आलेले पंचवीस हजार कॉलेजच्या वसतिगृहाला दिले. दानपत्र तिनं सांगितलं आणि आप्पांनी लिहिलं. पैसा फक्त पोरांच्या जेवणाला वापरावा. पंगत सगळ्या जातींची एकच असावी. सालात व्याज वापरावं आणि दुष्काळ पडला तर मुद्दल मोडावं, पण पंगत मोडू नये. खाली तिचा अंगठा, साक्षीला आप्पांची सही.

वसतिगृहात त्रेचाळीस पोरं होती. चांगल्या सालात ती घरून ज्वारी आणायची आणि व्याजातून डाळ-तेल व्हायचं. यंदा घरून येणार ते काय? मुद्दल मोडायचं साल हेच होतं. गंगम्माला जणू ते आधीच दिसलं होतं.

संस्थेची बैठक बसली. अध्यक्ष नानासाहेब, खरेदी-विक्री संघाचेही तेच चेअरमन, पानाला चुना लावत म्हणाले, "खर्च कुठं करतोय आपण? या खिशातला पैसा त्या खिशात. गंगम्माची ठेव फक्त विद्यापीठाच्या नावानं बसणार."

"त्या खिशात गेलेला पैसा काढता येत न्हाय, नानासाहेब," आप्पा म्हणाले. "आन् ती ठेव पंगतीची हाय. जेवणाचा पैसा दुसरीकडं लावायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागती."

"अर्ज टाकू की. उत्तर यायला दोन पावसाळे जातील. तोवर कॉलेजच्या इमारतीत बकऱ्या बांधायच्या का?"

प्राचार्य भला माणूस होता, म्हणून त्याचं बोलणं जास्त लागलं. तो म्हणाला, "आप्पा, मेस बंद झाली तर त्रेचाळीस जणांचे हाल. कॉलेज बंद झालं तर एकशे एकवीस जणांचं वर्ष जातंय. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

ठराव झाला. हात सगळ्यांनी वर केले, पण बँकेत सह्या दोन लागत होत्या, अध्यक्षांची आणि खजिनदाराची. हात वर करणं फुकट असतं. आप्पांनी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते गंगम्माकडं गेले. ती सुपात रेशनची मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, निवडत बसली होती. आप्पांनी मनात चारदा वाक्य जुळवलं होतं. गंगम्मानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि धाकट्या भावाशी बोलावं तसं विचारलं, "पोरं जेवत्यात न्हवं, तम्मा?"

"जेवत्यात, अव्वा."

त्या दिवशी ते खरंच होतं. आप्पा पाणी प्याले, पाण्याची टंचाई, टँकर, महादेवाची विहीर असं इकडचं तिकडचं बोलले आणि उठून आले. तिनं नको म्हटलं असतं तर सही करता आली नसती, आणि हो म्हटलं असतं तर तिच्याकडं बघता आलं नसतं. न विचारलेलं बरं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बायको गिरिजाबाईनं विचारलं तेव्हा तिच्यावर उगाच खेकसले. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यांनी सही केली.

मेस बंद झाल्याचं स्वयंपाकीण प्रेमाबाईला त्यांनीच जाऊन सांगितलं. आठ दिवसांत वसतिगृह रिकामं झालं. कुणी भांडलं नाही. पोरं आपापल्या पेट्या उचलून निघाली. कुणी जळकोटच्या शिवारात दुष्काळी कामावर खडी फोडायला लागलं, कुणी नळदुर्गच्या ढाब्यावर भांडी घासायला. शेवटच्या वर्षाला असलेला मच्छिंद्र जाताना आप्पांच्या पाया पडला. आप्पांना तोंड लपवायला जागा पुरेना. आप्पांनी त्याला दोन रुपये देऊ केले, ते त्यानं घेतले नाहीत.

जानेवारीच्या शेवटी प्राचार्य आडतीवर आला. आल्या आल्या पोत्यावर बसला. मग म्हणाला, "आप्पा, वर्गात अठ्ठ्याहत्तर पोरं आहेत."

गावात शहाण्यांची कमी नव्हती. वकील होते, चेअरमन होते, दोन डबल ग्रॅज्युएट होते. पंचवीस हजारांची पावती मिळवण्यासाठी आपण जी मेस मोडली, त्याच मेसच्या जोरावर आपला पट शंभराच्या वर होता, हे एकाच्याही टाळक्यात शिरलं नव्हतं. आप्पांच्याही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. समिती यायला पंधरा दिवस होते.

"एका दिवसापुरती आणा," नानासाहेब म्हणाले. "तुमच्या शब्दावर येतील पोरं. माझ्या शब्दावर कोण येतंय?" आयुष्यात एवढं खरं ते पहिल्यांदाच बोलले असावेत.

आप्पा एसटीनं जळकोटला उतरले आणि कामावर चालत गेले. दोन-अडीचशे माणसं उन्हात बसून दगड फोडत होती. मच्छिंद्र आपल्या आईशेजारी, पुतळाबाईशेजारी बसला होता. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. पुस्तकातलं पान उलटणारी ती बोटं आप्पांनी ओळखली नाहीत, आवाज ओळखला.

"एक दिवस येशील का, बाळा? कॉलेजची तपासणी हाय. वर्गात बसायचं फकस्त."

मच्छिंद्रानं हातोडी खाली ठेवली. "मेस चालू झाली का, आप्पा?"

पुतळाबाईनं मान वर केली. "चालू झाली आसंल तर धाडते. न्हायतर नगा नेऊ. मस्टरला नाव लागाय बारा दिस बसून काढल्यात आमी. एकदा नाव काटलं की मुकादम पुन्हा घेत न्हाय."

आप्पांनी सांगायला हवं होतं की मेस चालू नाही, एकच दिवस, एकच जेवण, ते मी माझ्या पैशानं घालीन. तेच ठरवून ते आले होते. पण पोराच्या डोळ्यांत जे आलं ते बघून, किंवा एकशे एकवीस हा आकडा डोक्यात घण घालत होता म्हणून, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "झाली."

"पंगत?"

"व्हय. पंगत."

पुतळाबाई देवाला जोडावेत तसे त्यांना हात जोडून म्हणाली, "तुमचं भलं हुईल." त्या क्षणी आप्पांना स्वतःची किळस आली. तरी ते परत फिरले नाहीत. पुढं कुणाला काही सांगावंच लागलं नाही. मेस चालू झाल्याची बातमी कामावरून कामावर आणि ढाब्यावरून ढाब्यावर आपोआप गेली. भुकेल्या मुलखात अशा बातमीला टपाल लागत नाही.

समितीच्या दिवशी सकाळी सातला आप्पा कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. पोरं येताना दिसली. प्रत्येकाच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती आणि काखेत वळकटी. पोरं राहायला आली होती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, मस्टरवरची नावं काटून, ढाब्यावरची कामं सोडून. मच्छिंद्रानं पेटी उतरवली आणि हसून म्हणाला, "आमची खोली तीच ना, आप्पा?"

आप्पांनी मान हलवली. त्यांनी एका जेवणापुरती वीस किलो मिलो आणि पाच किलो डाळ स्वतःच्या खिशातून आणून प्रेमाबाईकडं दिली होती. आडत चार महिने बंद होती. कोपऱ्यातलं भरलं पोतं नुसतं दाखवायला, उसनं आणलेलं होतं आणि संध्याकाळी परत द्यायचं होतं.

जीपमधून तीन माणसं उतरली. त्यांनी पावती बघितली, बरोबर होती. वर्गात जाऊन डोकी मोजली, एकशे अठरा भरली. मग त्यातल्या एकाला काय वाटलं कोण जाणे, तो वसतिगृहाकडं वळला. तिथं चुलीवर भाकरी फुगत होती आणि प्रेमाबाई घामाघूम झाली होती. तो गृहस्थ गहिवरला. शेरेबुकात त्यानं लिहिलं की असा भीषण दुष्काळ असूनही संस्थेनं गरीब विद्यार्थ्यांचं भोजनगृह अखंड चालू ठेवलं, हे इतर संस्थांनी अनुकरण करण्याजोगं आहे. मान्यतेची शिफारस केली, चहा घेतला आणि मंडळी गेली. नानासाहेबांनी ते पान प्राचार्यांकडून दोनदा वाचून घेतलं.

आप्पा त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरं राहायला आल्यात, नानासाहेब. आता मेस चालू ठिवा. संघातनं धान्य द्या, कर्जाऊ द्या. मी पाया पडतो तुमच्या."

"संघाच्या गोदामात उंदीर उपाशी मरायलेत, आप्पा. आणि जेवणाचा पैसा कुठं गेला ते मला काय विचारता? दुसरी सही कुणाची आहे?" नानासाहेब चिडून बोलले नाहीत. मांडीवर थाप मारून उठले आणि आपल्या जीपकडं गेले.

पंगत बसली. पोरं जाताना ताटं घेऊन गेली नव्हती, ती प्रेमाबाईनं घासून ठेवली होती. बौद्धवाड्यातला, लिंगायत गल्लीतला, तांड्यावरचा, सगळे एका ओळीत. आप्पा स्वतः वाढायला उभे राहिले. मिलोची भाकरी लाल, चिवट, एरवी पोरं नावं ठेवायची. आज कुणी बोलत नव्हतं, फक्त चावण्याचा आवाज येत होता. तिसऱ्या फेरीला एकजण लाजत म्हणाला, "आजून एक देता का?" आप्पांनी दोन दिल्या. ताटांत वाढताना त्यांचे डोळे भरून येत होते आणि डाळीची वाफ लागली म्हणून ते पुसत होते.

"सांच्याला किती वाजता, आप्पा?" कुणीतरी विचारलं.

आप्पांनी डाळीची बादली खाली ठेवली. मग सांगितलं. मेस चालू झाली नाही. गंगम्माची ठेव मी मोडली. तुम्हाला मी खोटं बोलून आणलं. संध्याकाळचं जेवण नाही, उद्याचंही नाही.

शिव्या आल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं. एकानं तोंडातला घास तसाच धरला होता, तो त्यानं हळूहळू चावून गिळला. मग एकेक जण उठला, आपलं ताट धुऊन उपडं घातलं आणि पेटीकडं गेला.

मच्छिंद्र शेवटी उठला. ताटातली उरलेली एक भाकरी त्यानं आईसाठी वहीच्या कागदात बांधली. पेटी डोक्यावर घेतली. आप्पा फाटकापर्यंत त्याच्या मागं गेले.

"परीक्षेला तरी ये, बाळा. तेवढ्यासाठी तरी ये. मान्यता मिळाली आता."

"परीक्षा तीन आठवडे चालती, आप्पा." मच्छिंद्रानं खरोखर विचार करून उत्तर दिलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. "पुन्हा नाव लागलं तरी मुकादम तेवढी रजा देत न्हाय. तपासणी एका दिसाची असती. तिला येत जाईन की. पुढल्या बारीला फकस्त आधी खरं सांगा, म्हंजी नाव न काटता येतो."

आप्पांनी बरं म्हटलं. मच्छिंद्र जळकोटच्या रस्त्याला लागला.