पूररेषेतली चौकट

मी एक जुनी सागवानी चौकट आहे. वयाने नव्हे मित्रांनो, नशिबाने जुनी.

कोडोलीच्या एका सुताराने मला मन लावून घडवले. बाळासो आणि बनाबाईंनी जन्मभर म्हशी सांभाळून कोल्हापुरात घर बांधायचे स्वप्न पाहिले होते. नदीकडेचा प्लॉट त्यांना बनाबाईंच्या चुलतभावाने, विजयसिंहांनी दिला. बाळासोंची मुलगी स्वप्नाली शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "आबा, आधी नगररचनेच्या हापिसात इचारून येऊ की. तिथं घर बांधता येतंय का न्हाय, ते तरी कळंल."

बाळासोंना ते टोचले. "आपल्याच पावण्यावर संशय घ्यायचा व्हय?"

विचारायचे राहून गेले. चौकटीचा मुहूर्तही तोंडावर आला होता.

मुहूर्ताला हौसेला काही तोटा नव्हता. सवाष्णींनी मला हळदकुंकू लावले, माथ्यावर नवधान्याची पुरचुंडी बांधली. नारळ विजयसिंहांनीच फोडला. येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवायचा आणि मी हुरळून जायची.

त्या जागेत पूर्वी ऊस होता. ऊस पुरात चार दिवस तग धरतो, घराचे तसे नसते. दुसऱ्याच पावसाळ्यात पंचगंगा माझ्या कडीपर्यंत चढली. पाणी ओसरल्यावर मोजणीला माणसे आली, तेव्हा कळले, की शहराच्या विकास आराखड्यात ही जागा शेतीच्या हरित पट्ट्यात आहे, शिवाय निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वरचेवर पुराखाली जाणाऱ्या भागाच्या, आत. तिथे राहते घर बांधायला परवानगीच मिळत नाही. बाळासोंनी किती उंबरे झिजवले, पण घर नियमित करून मिळाले नाही. नियमाचा राग तरी कसा करू? ते पाणी मी स्वतः पाहिले होते. विजयसिंह "मलाबी ठावं नव्हतं" म्हणाले, आणि पुन्हा कधी आले नाहीत.

घर पाडायच्या आदल्या दिवशी बाळासोंनी मला हलक्या हाताने सोडवले. पुरचुंडी मात्र बनाबाईंनी सोडू दिली नाही.

आता मी भाड्याच्या घराच्या गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीला दोरीने बांधून उभी. खालच्या दाराला घरमालकाची चौकट आहे. मला ना भिंत, ना दार. फार वाईट वाटते.

मित्रांनो, चौकट उभी करण्याआधी त्या जमिनीवर राहायची मुभा आहे का, हे विचारून घ्या. विचारल्याने नाते तुटेल अशी भीती बाळगू नका. बाळासोंचे तर न विचारताच तुटले.

परवा दिवाळीच्या सकाळी बनाबाई वर आल्या. त्यांनी मला पुसले, तोरण बांधले, समोर रांगोळी काढली. मागून बाळासो चहाचा कप घेऊन आले आणि घुटमळले.

"या की आत," बनाबाई म्हणाल्या.

बाळासोंनी मान लववली, माझा उंबरा ओलांडला. पलीकडे गच्चीचा कठडा होता.