शुक्रवारची चौकशी

हॅलो. मी शाळेच्या ऑफिसातला फोन बोलतोय. घाबरू नका, तुमच्या मुलाला काही झालेलं नाही. हे आधी सांगून टाकावं लागतं. शाळेतून फोन म्हटलं की पलीकडचा माणूस हातातलं काम टाकून आधी खाली बसतो, हे मला इतक्या वर्षांत चांगलं कळलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. माझ्यासारखी पुष्कळ भावंडं एका लांब टेबलावर ओळीनं मांडलेली असायची आणि एक बाई प्रत्येकाला कानाला लावून "हॅलो, हॅलो" म्हणून बघायची. ती फक्त हॅलोच म्हणायची, पुढे काही नाही. पुढचं बोलणं कसं असतं, हे ऐकायला मला शाळेत यावं लागलं.

मी आलो तेव्हा रंगानं दुधाळ पांढरा होतो. बटणं काळी आणि ठसठशीत, वायर वळ्यावळ्यांची. मला क्लार्कबाईंच्या टेबलावर उजव्या हाताला ठेवलं. क्लार्कबाई रोज सकाळी रिसीव्हर रुमालानं पुसायच्या आणि मग एक खोल श्वास घेऊन गैरहजर मुलांच्या घरी फोन लावायला बसायच्या.

"आज तुमचा मुलगा शाळेत आलेला नाही. घरी आहे का?"

किती तऱ्हेची उत्तरं ऐकली मी! कुणी म्हणायचं, "ताप आहे हो त्याला," आणि मागून तोच तापकरी "आई, माझी बॅडमिंटनची रॅकेट कुठे ठेवलीस?" असं ओरडायचा. कुणी म्हणायचं, "मी मीटिंगमध्ये आहे, तिच्या आईला लावा," आणि आई म्हणायची, "मी कामावर आहे, तिच्या बाबांना लावा." एकदा नववीतल्या एका पोरानं आवाज जाड करून फोन केला, "मी त्याचे वडील बोलतोय, आज तो येणार नाही." बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं. वडिलांना म्हणावं, उद्या वडिलांना घेऊन या." फोन खाली ठेवून त्या एकट्याच खुदकन हसल्या. तेव्हा ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. मी होतो, पण मला हसता येत नाही, फक्त वाजता येतं.

मुलं मोठी होतात तसे आईबापांचे प्रश्न लहान होत जातात, असं माझ्या लक्षात आलं. पाचवीतल्या मुलाची आई विचारते, डबा खाल्ला का, रडला का, शेजारी कोण बसतं? तेच मूल नववीत गेलं की विचारते, "आलाय ना?" आणि एवढ्यावर समाधान मानते. घरी विचारून विचारून थकलेली असते बिचारी.

एकच माणूस असा होता की ज्याचे प्रश्न कमी झाले नाहीत.

तो इमारतींना काचा बसवायचा. दूरच्या शहरात राहायचा. दर शुक्रवारी, मधली सुट्टी संपून शाळा परत वर्गात गेली की त्याचा फोन यायचा. मागे काच कापल्याचा बारीक चर्र आवाज ऐकू यायचा, मग तो दोन पावलं बाजूला सरकायचा आणि म्हणायचा, "बाई, मी ठमीचा बाबा. तुमचा वेळ घेतो जरा."

ठमी नववीत होती. हजेरीपटावर तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण तो तिला ठमीच म्हणायचा, म्हणून आम्हीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो. तिचे आईबाबा वेगळे झाले होते. ती आईजवळ राहायची. आई औषधांच्या दुकानात कामाला होती. बाबा ठमीला मोबाइलवर फोन करायचा, पण ती उचलायची नाही. आईशी त्याचं बोलणं म्हणजे फीची तारीख आणि दाखल्याची झेरॉक्स, त्यापलीकडे नाही.

म्हणून तो शाळेला विचारायचा. मार्क कधी विचारले नाहीत त्यानं.

"मैत्रिणी आहेत का हो तिला? मधल्या सुट्टीत एकटी नसते ना?"

"केस अजून लांब आहेत की कापले?"

बाईंनी पहिल्या वेळी मुख्याध्यापकांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले होते, "वडील आहेत ते. विचारणं त्यांचा हक्क आहे." तेव्हापासून बाई शुक्रवारसाठी काही ना काही जमवून ठेवायच्या. जिन्यात ठमी दिसली की जरा जास्त बघून घ्यायच्या. "लांब उडीत दुसरी आली." "चष्मा लागलाय, शोभतो तिला." पलीकडे तो माणूस "हो का, हो का" म्हणत राहायचा. फोन ठेवला की माझ्यात बराच वेळ त्याचं ते "हो का" घुमत राहायचं.

एका शुक्रवारी ठमी वर्गाची हजेरी द्यायला ऑफिसात आली. दारातच थबकली. बाई माझ्यावर बोलत होत्या, "हो, सर्दी होती दोन दिवस, पण आता बरी आहे. काल भाषणस्पर्धेला नाव दिलंय तिनं."

बाईंनी वळून बघितलं आणि फोन गडबडीनं ठेवला.

"माझ्याबद्दल बोलत होतात. कोण होतं?" ठमीनं विचारलं.

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. "तुझे बाबा. दर शुक्रवारी करतात."

ठमीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हणजे माझ्यावर पाळत ठेवता तुम्ही दोघं?"

"पाळत नाही गं. चौकशी."

"मला का नाही विचारत मग?"

"तू उचलतेस का फोन?"

ती हजेरीचा कागद टेबलावर आपटून निघून गेली. बाई रुमालानं मला पुसत बसल्या, खरं तर सकाळीच पुसून झालं होतं.

पुढच्या शुक्रवारी ती पुन्हा आली, हजेरी हातात घेऊनच. कागद दिला तरी जाईना. कपाटावरच्या ट्रॉफ्या बघत उभी राहिली. इतक्यात मी वाजलो. बाईंनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि म्हणाल्या, "मी जरा भरून आणते. तेवढा फोन घे."

मी वाजत राहिलो. दुसरं काय करणार? तिचा हात दोनदा पुढे आला आणि मागे गेला. मग तिनं रिसीव्हर उचलला.

"हॅलो. शाळेचं ऑफिस." आवाज तिनं मुद्दाम मोठ्या बाईसारखा काढला होता.

पलीकडे चर्र आवाज चालू होता. तो एकदम थांबला. त्या माणसाचा श्वासही थांबला. मी दोन्ही टोकांना असतो, त्यामुळे मला ते स्पष्ट ऐकू आलं. बाप आहे तो, त्यानं तिच्या पहिल्या बोबड्या शब्दापासूनचा आवाज ऐकलेला. पण त्यानं घसा खाकरला आणि फार अदबीनं म्हणाला, "नमस्कार. आपण नवीन आहात का?"

"हो. नवीन आहे."

"आमच्या मुलीची जरा चौकशी करायची होती. नववीत आहे. कशी आहे ती?"

ठमीनं वायर बोटाला गुंडाळली. "ठीक आहे."

"भाषणस्पर्धा झाली का?"

"झाली. मधेच विसरली ती. खाली येऊन बसली."

"अरेरे. रडली का?"

"नाही. घरी जाऊन रडली." मग घाईघाईनं, "असं तिची मैत्रीण सांगत होती."

"मैत्रीण आहे म्हणजे. बरं झालं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "बाई, मी पुढच्या शुक्रवारी केला तर चालेल?"

"चालेल."

तेव्हापासून शुक्रवारी बाईंची बाटली हटकून रिकामी असायची. दारात उभ्या राहून त्या कॉरिडॉरकडे बघत राहायच्या, आणि कुणी शिपाई किंवा मास्तर आत येऊ लागला की, "आत काम चालू आहे, पाच मिनिटांनी या," म्हणून परतवून लावायच्या.

आणि आत ते दोघं बोलायचे, एका तिसऱ्याच मुलीबद्दल. "तिला गणिताचे नवे सर आवडत नाहीत." "सांगा तिला, मलाही आवडायचे नाहीत." असं. कधी दोघंही हसायचे, आणि हसताना ती मोठ्या बाईचा आवाज काढायला विसरायची. तोही ते लक्षात आल्याचं दाखवायचा नाही.

मधे एकदा ठमीच्या आईचा फोन आला होता. तेव्हा बाई जागेवर होत्या. आई म्हणाली, "तक्रार नाही हो काही. पण ही घरी दार लावून बसते, कुणाशी बोलत नाही, आणि शुक्रवारी मात्र येताना गाणं गुणगुणत येते. शुक्रवारी काय असतं शाळेत?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "शुक्रवारी... चित्रकलेचा तास असतो."

"हो का? मग रंग आणते तिला," आई म्हणाली. दुकानातलं कुणीतरी तिला हाक मारत होतं, तरी तिनं लगेच फोन ठेवला नाही. "बाई, बाकी बरी आहे ना ती?" तिचाही प्रश्न तोच होता. ती कधी मोकळी नसायची एवढंच.

ठमी दहावीत गेली. एका शुक्रवारी बाहेर मैदानावर खेळाचा तास चालू होता, शिट्ट्या वाजत होत्या. ती बराच वेळ इकडचं तिकडचं सांगत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "तुमची मुलगी एक गोष्ट विचारत होती."

"काय?"

"ती म्हणते, ती शाळेतून घरी आली तेव्हा बाबांचा कप्पा रिकामा होता. चपलासुद्धा नव्हत्या. ती म्हणते, जायचं होतं तर जायचं, पण सांगून का नाही गेले?"

पलीकडे त्यानं हातातलं काच कापायचं हत्यार खाली ठेवलं, तो खट्ट आवाज मला ऐकू आला.

"तिला सांगा," तो म्हणाला, "की बाबा दारात उभा होता. ती येईपर्यंत थांबणार होता. पण ती विचारेल 'परत कधी येणार', आणि त्याला उत्तर माहीत नव्हतं. म्हणून पळाला. घाबरट आहे तो. असंच सांगा, शब्द बदलू नका."

ठमीनं माझा रिसीव्हर कानाला इतका घट्ट दाबला होता की तिच्या कानशिलातले ठोके मला जाणवत होते.

"सांगते," ती म्हणाली.

त्याच वर्षी शाळेत ॲप आलं. मुख्याध्यापकांनी पालकसभेत सगळ्यांच्या मोबाइलवर ते उतरवून घेतलं. आता मूल गैरहजर असलं की पहिल्या तासालाच आपोआप संदेश जातो. मार्क, सुट्ट्या, सहलीचे फोटो, सगळं जातं. वाईट नाही ते. ठमीच्या आईला दुकानात उभ्या उभ्या लेकीची हजेरी कळू लागली, तिला बरं वाटलं असेल. बाईंचाही घसा वाचला. मी मात्र दिवसदिवस गप्प राहू लागलो. माझ्यावर धूळ बसायची आणि ती पुसायची आठवणही बाईंना कधी कधीच व्हायची. सकाळच्या त्या गलक्यानंतर ही शांतता फार अंगावर यायची. शुक्रवार सोडून.

दहावीच्या गुणपत्रिका शाळेत मिळाल्या तोही शुक्रवारच होता. ठमी गुणपत्रिका न्यायला आली होती. मी वाजलो. बाईंनी बाटली उचलली. भरलेली होती, तरी उचलली.

"निकाल बघितला मोबाइलवर," तो म्हणाला. "टक्के कळले. चांगले आहेत. बाकी काही लिहिलेलं नाही त्यात."

"बाकी म्हणजे?"

"म्हणजे ती खूश आहे का?"

"आहे." मग थोडं थांबून, "आता ती कॉलेजला जाणार. या शाळेत नसेल. तिकडच्या ऑफिसात अशी चौकशी करू देत नाहीत."

"मग मी कुणाला विचारायचं, बाई?"

खिडकीबाहेर मुलं पेढ्यांचे आणि निकालाचे हिशोब करत ओरडत होती. ठमीनं दाराकडे पाठ केली.

"तिचा नंबर आहे ना तुमच्याकडे?"

"पाठ आहे. रिंग जाते. उचलत नाही ती."

"पुढच्या शुक्रवारी करून बघा. उचलेल."

"नक्की?"

"बाबा, उचलेन म्हटलं ना!"

आणि तिनं रिसीव्हर ठेवून दिला, इतका हळू की मला ठेवल्याचं कळलंसुद्धा नाही. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि गुणपत्रिका न घेताच निघून गेली. बाई ती घेऊन तिच्यामागे धावल्या.

पुढच्या शुक्रवारी मधली सुट्टी संपली. शाळा वर्गात गेली. बाई जागेवरच बसून होत्या, माझ्याकडे बघत. मीही वाट बघत होतो. मी वाजलो नाही. त्यानंतरच्या शुक्रवारीही नाही. बाई हळूच म्हणाल्या, "चला. उचलला म्हणायचा." आणि डोळ्याला रुमाल लावला.

मला आनंद झाला होता. पण त्या दोघांचं पुढचं बोलणं माझ्यातून कधी गेलं नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेनं चालू आहे, आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू येत नाही. एकटेपणा असाही असतो, चांगल्या बातमीनंतरचा.

आता बाई निवृत्त झाल्या आहेत. टेबलावर संगणक आला, म्हणून मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंय. नवे क्लार्क हेडफोन लावून काम करतात. माझा नंबर फाटकावरच्या पाटीवर अजून आहे. कधी तरी वाजतो, आणि कुणी विचारतं, "गॅस एजन्सी का?" तेवढंही बोलणं मला गोड लागतं. लवकरच वायर काढायला माणूस येणार आहे, असं कालच बोलणं झालं.

तो यायच्या आत एक सांगतो. तुमच्या घरात एखादी पंधरा-सोळा वर्षांची व्यक्ती दार लावून बसली असेल. तिची हजेरी, तिचे टक्के तुम्हाला मोबाइलवर कळतील. बाकीचं तुम्हालाच विचारावं लागेल. उत्तर लगेच येणार नाही. म्हणून लगेच ठेवून देऊ नका. नुसती रिंग जात असते ना, तेव्हा पुष्कळदा समोरचं माणूस अगदी फोनशेजारी बसलेलं असतं.