अर्नाल ते बुलोन, जिवंत माल

मी एक जुना ट्रक आहे, पण नुसतं उभं राहणं मला कधी जमलंच नाही. माझ्या पोटात गार, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिचा पंप थांबला की आतली लांब नांग्यांची कोळंबी गुदमरते. म्हणून चाकं थांबली तरी मी आतून धडधडतच असायचो. माझी टाकी फ्रान्समध्ये घडली, इंजिन इकडे स्कॉटलंडमध्ये बसवलं. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

मित्रांनो, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं अर्नाल हे माझं बंदर. तिथल्या लहान लहान बोटींची कोळंबी एकत्र भरून मी थेट फ्रान्समधल्या बुलोनला न्यायचो. सीमेवर हात हलवायचा आणि पुढे निघायचं, इतकं सोपं. माझा चालक टॉर्मोड वाटभर कोळंबीशी बोलायचा. बुलोनच्या व्यापारी सोलांजबाई झाकण उघडून म्हणायच्या, "आली का माझी पोरं? दमली असतील." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

अर्नालच्या एफीची बोट सगळ्यांत छोटी. नवं वर्ष लागलं की ती ओट आणि डुकराचं रक्त घालून काळं पुडिंग म्हणतात तो मांसाचा पदार्थ करायची आणि फडक्यात गुंडाळून सोलांजबाईंसाठी टॉर्मोडच्या सीटमागे ठेवायची. ही तिची वर्षानुवर्षांची रीत. तिकडून चीज यायचं.

मग आपल्या देशाने युरोपच्या सामायिक बाजारातून बाहेर पडायचं की नाही, यावर धक्क्यावर भांडणं जुंपली. "आपला समुद्र आपल्याला परत मिळणार आहे. तू भित्रा तो भित्राच राहिलास," असं एफी टॉर्मोडला म्हणायची. "मिळव तू समुद्र. माल विकायला मात्र मलाच जायचंय," तो फणकारायचा. तेवढ्यात निवडणुकीला उभे असलेले एक साहेब आले. माझ्या दारावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. एफीने विचारलं, "साहेब, सोलांजला पुडिंग पाठवायचं असतं हो. ते चालेल ना?"

साहेब हसले. "अहो बाई, मैत्रीला कोण अडवतंय?"

बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत मी निघालो. एफीची मुलगी ऊना शहरातली नोकरी सोडून बोटीवर आली होती. समुद्रातून कोळंबीचे सापळे ओढायला दुसरी माणसं मिळत नव्हती, आता मायलेकी मिळून ओढायच्या. ऊनाने आधीच सांगून ठेवलं होतं, "आई, ही खेप जिवंत पोचली तर मी राहते. नाहीतर परत जाते." निघताना एफी टाकीवर थोपटून म्हणाली, "नीट ने रे बाबा." मित्रांनो, हे ती मला म्हणाली, टॉर्मोडला नाही.

माल बाहेर न्यायला आता जनावरांच्या डॉक्टरांची सही आणि शिक्के लागत, ते मिळेपर्यंत एक दिवस गेला. तरी कोळंबी तग धरून होती. पलीकडे फ्रान्समध्ये आता बाहेरचं मांस न्यायला बंदी होती; तिथे पोचल्यावर सीमेवरच्या तपासनीस बाईंनी विचारलं, "मांसाचं काही आहे का?" टॉर्मोड बिनधास्त म्हणाला, "नाही." तो खोटं बोलला नाही. त्याच्या लेखी पुडिंग म्हणजे माल नव्हता, एफीचा जीव होता.

फडकं सापडलं. मग खोटी माहिती दिली म्हणून माझी तपासणी सुरू झाली. टॉर्मोड हात जोडून म्हणाला, "बाई, ते पुडिंग फेका, पण टाकी जाऊ द्या."

"नियम आमचाच आहे. पण तो तुम्हाला लागू व्हावा, हे तुम्हीच ठरवलंत ना?" त्या शांतपणे म्हणाल्या.

मी तिथे तळमळत उभा होतो. तासन्‌तास गेले, गारवा देणारं यंत्र थकलं आणि पाणी कोमट होत गेलं. आतल्या नांग्यांची खुडबुड आधी वाढली, मग कमी होत गेली. मी पंप जिवाच्या आकांताने चालवत होतो, पण नुसतं कोमट पाणी फिरवून काय होणार? संध्याकाळी सोलांजबाईंनी फोनवर एवढंच विचारलं, "जिवंत आहेत का?" टॉर्मोड झाकण उघडून पाहून म्हणाला, "नाही." त्या दिवसापासून त्या दुसरीकडून माल घेऊ लागल्या. त्यांचाही धंदा होता.

एफीने साहेबांच्या कचेरीत फोन केला. "सुरुवातीच्या किरकोळ अडचणी आहेत, धीर धरा," असं उत्तर मिळालं. साहेब पुन्हा धक्क्यावर आले नाहीत.

ऊना निघाली त्या सकाळी एफी माझ्याजवळ उभी होती. बस वळणाआड गेल्यावर तिने टॉर्मोडला विचारलं, "सोलांजला पुडिंग तरी मिळालं का रे?"

टॉर्मोडने माझ्या दाराची कडी उगाच दोनदा ओढली. "मिळालं. आवडलं म्हणाली."

एफी घरी गेली. एकटीने सापळे ओढता येत नाहीत, त्यामुळे तिची बोट धक्क्याला बांधलेलीच असते. माझी टाकीही कोरडी आहे. मित्रांनो, थोरामोठ्यांनी दारं खुशाल उघडावीत, खुशाल लावावीत. पण लावण्याआधी त्यातून रोज ये-जा करणाऱ्यांना विचारावं. आणि तुमच्याकडे कोणी विश्वासाने काही विचारायला आलं, तर ठाऊक नसताना हसून 'हो' म्हणू नका.