व्हाइटनरखालची ओळ

कुणी विचारलेलं नाही, तरी आज सांगून टाकतो. मी खडकी बाजारातल्या सीतारामच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन आहे. प्रिंटही काढतो. बोलण्याची सवय नाही मला. समोर येईल ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम. आता त्याचाही शीण येतो.

कारखान्यातून निघालो तो थेट खराडीच्या एका आयटी कंपनीत. तिथं एसी होता. ऑफर लेटरं आणि राजीनामे, दोन्ही मीच काढायचो. साहेब जेवायला गेले की कुणीतरी हळूच मुलाच्या शाळेचा प्रोजेक्ट छापून घ्यायचं. कागद अडकला की इतके शिकलेले लोकसुद्धा मला थपडा मारायचे. मग नवं मशीन आलं आणि एका दुपारी मला टेम्पोत चढवलं.

सीतारामचं दुकान पोलीस चौकीच्या समोरच. त्यामुळे हरवलेली लायसन्सं, चोरीला गेलेल्या गाड्या आणि भाडेकरार हेच माझं आयुष्य झालं. या भागातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं माझ्या काचेवर पडून गेलीत. फोटोसारखं दिसणारं माणूस एकदाही समोर उभं राहिलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीत हेमाताई आल्या. माणसं वर्ध्याकडची, नवरा सुदर्शन इथल्याच दारूगोळा कारखान्यात. सीतारामही यवतमाळचा, म्हणून त्याच्याशी त्या थोडं मोकळं बोलल्या. मुलगी उत्कर्षा नववीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करताना तिच्या तोंडून ‘हो’च्या जागी घरच्यासारखं ‘हाओ’ निघून गेलं. वर्गातल्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला, तिच्या नावानं इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं आणि खाली सगळ्यांनी मिळून लिहायला सुरुवात केली. आधी बोलण्यावर, मग रंगावर, मग जे लिहू नये त्यावर. वीस दिवस पोरगी शाळेत गेली नव्हती. जेवायला पानावर बसायची आणि तशीच उठायची.

हेमाताईंनी स्क्रीनशॉट काढून आणले होते. पण घरीच फोनवर त्यांनी प्रत्येकाची वरची कड कापली होती. तिथं लिहिणाऱ्यांची नावं होती. “लेकरंच आहेत ती पण. काहून कोणाच्या आईबापाची अब्रू घालवायची?” असं त्या सीतारामला म्हणाल्या. खालची कडही कापलेली, म्हणजे तारीख गेली.

मी प्रिंट काढून दिले. मग त्या बाकावर बसल्या, पर्समधून व्हाइटनर काढलं आणि एकेक घाणेरडा शब्द पुसू लागल्या. तक्रार चौकीतल्या साहेबांच्या हातात जाणार, चार पुरुष वाचणार, आपल्या मुलीबद्दल असलं कसं दाखवायचं, हा त्यांचा विचार. सगळ्यात आधी त्यांनी एक ओळ झाकली. ती मी नुकतीच छापली होती, त्यामुळे मला माहीत होती: ‘एकदाची मर, आम्ही वर्गात केक कापू.’ ती झाकताना ब्रश कागदावर दोनदा टेकला आणि दोनदा उचलला गेला.

वाळल्यावर ते कागद माझ्या काचेवर आले. व्हाइटनरचे डाग दिसू नयेत म्हणून त्यांना स्वच्छ प्रती हव्या होत्या. मी दिल्या. इतक्या स्वच्छ, की तिथं कधी काही लिहिलेलं होतं असं कुणाला वाटलंच नसतं. आयुष्यात मला कशाची लाज वाटली असेल तर त्या कामाची.

दुसऱ्या दिवशी चौकीतल्या वासंती मॅडम ते कागद घेऊन स्वतः दुकानात आल्या. मागे हेमाताई. मॅडमनी एक पान उजेडात धरलं.

“ताई, कोण बोललं ते कापलंय, कधी बोललं ते कापलंय, काय बोललं ते पुसलंय. मी कोऱ्या कागदाचा तपास करू का?”

हेमाताई बाकावर बसल्या. मग मॅडमचाच आवाज उतरला. फोनमध्ये मूळ मजकूर आहे ना, असं त्यांनी विचारलं. आहे, पण उत्कर्षाचे बाबा आज संध्याकाळी सगळं डिलीट करून मुलीला वर्ध्याला आत्याकडे पाठवणार आहेत, असं हेमाताईंनी सांगितलं. मॅडमनी तिथूनच सुदर्शनरावांना फोन लावायला लावला आणि काही पुसायचं नाही, तोच आपला पुरावा आहे, असं बजावलं. पुसलेल्या ओळीत काय होतं ते हेमाताईंनी त्यांच्या कानात सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, तक्रारीत सगळ्यात आधी हीच ओळ लागेल.

संध्याकाळी हेमाताई पुन्हा आल्या, या वेळी उत्कर्षाला घेऊन. पोरगी ओढणी हनुवटीपर्यंत गुंडाळून उभी होती. सीताराम तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. पहिलं पान बाहेर आलं आणि आईचा हात आपोआप त्यावर गेला.

“झाकू नको आई. हे मी लिहिलेलं नाहीये.”

आईनं हात काढला. मी एकतीस पानं छापली, नावांसकट, तारखांसकट. उत्कर्षानं ती स्वतः मोजून एकावर एक लावली आणि चौकीत तीच पुढे गेली.

पुढचं काही चमत्कारिक नाही. ते खातं बंद झालं. शाळेनं तीन मुलांच्या पालकांना बोलावलं. एका वडिलांनी पोरांची गंमत म्हणून हात झटकले. उत्कर्षा शाळेत जाते, पण ‘हाओ’ म्हणत नाही. हे मला हेमाताईंच्या बोलण्यातून कळतं, आणि वाईट वाटतं.

आता माझ्या प्रत्येक प्रतीवर एक काळी रेघ येते. मेकॅनिक म्हणाला, ड्रम गेला, भंगारात द्या. सीताराम देईलच. त्याआधी आईबापांनो, एक सांगतो. असं काही घेऊन याल तर नाव, तारीख, खात्याचा पत्ता, शिवी, सगळं आहे तसं आणा. त्या ॲपवर रिपोर्ट करा, पण आधी स्क्रीनशॉट काढा. शाळेला लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. पोलिसांकडे जा, चौकीची पायरी चढवत नसेल तर सरकारच्या सायबर तक्रारीच्या संकेतस्थळावर घरूनही तक्रार करता येते. आणि मुलीला बरोबर बसवा, तिच्या पाठीमागे काही करू नका.

फार पानं पांढरी करून दिली मी. उरलेल्या दिवसांत ते काम माझ्याकडून करून घेऊ नका.