तोंडातला धूर

आमच्या आबांचं एक खूळ व्हतं. डोळ्यांनी बघितल्याबगर कशावर इस्वास ठेवायचा न्हाय. त्यापायी माझं लगीन मोडायला आलं व्हतं!

धुळाप्पा मला बघायला आला तवा वैशाखाचं ऊन असं तापलं व्हतं, की भवानी पेठेत कुत्रंसुदिक सावली सोडत नव्हतं. पलटणीच्या खेचरांमागं गड्यानं सारा मुलूख पालथा घातलेला. मी पाण्याचा तांब्या ठेवला, त्यानं माझ्याकडं एक डाव बघितलं, आणि जो सुटला! "मामा, काश्मिराच्या वरच्या अंगाला असलं डोंगर हायती की ढग पायाखाली. पाऊस खाली पडतोय नि आपण वर कोरडंठाक! अल्याड देवदाराचं रान, घाट वलांडला की पल्याड औषधाला झाड न्हाय. आत्ताबी तितं बर्फ असंल. थंडी म्हंजी, बोललं की तोंडातनं धूर निघतो."

"बिडी न वढता?" आबा म्हणले.

"व्हय की."

आबा ताडकन उठले. "थापाड्याला माझी पोरगी द्यायची न्हाय! एकाच देशात हितं माणूस भाजतंय नि तितं धूर वकतंय व्हय?"

मला असा राग आला! आबांचा, नि त्या मेल्याचाबी. गप बसाया काय झालं व्हतं? पण मला तो आवडला व्हता, धुरासकट. मी दाराआडनंच म्हणलं, "आबा, बघितल्याबगर थाप कशी म्हणता? बघा की!"

"बघू कुटं? काश्मिराला जाऊ?"

धुळाप्पा हसला. "टेसनापतुर चला. बर्फाच्या कारखान्यात माझा दोस्त हाय. घोंगडं तेवढं घ्या."

भर दुपारी आबा खांद्यावर घोंगडं टाकून निघाले नि सारी पेठ हसाया लागली. मी चुलीपुढं बसले. एक भाकरी करपली, दुसरीबी करपली.

आबा आले ते पळतच, घोंगडं अंगाभवती लपेटून, घामानं निथळत. "निघतो गं! बर्फाच्या खोलीत धूर निघतो! नुसतं 'आ' केलं की भसकन! 'इठ्ठल' म्हणलं की लई लांबडा!"

शेजारची सावित्रम्मा पदर तोंडाला लावून हसली. "उन्हानं डोस्कं फिरलं का, मामा? लई थापाडं झालात की!"

"थापाड्या कुणाला म्हणतीस?" आबा उसळले. "माझ्या जावयाला इचार!"

जावयाला! मी तिसरी भाकरी तव्यावर तशीच सोडली नि आतल्या खोलीत पळाले. कोनाड्यातल्या आरशापुढं हुबं राहून हळूच 'हाऽ' केलं.

धूर आला की! पण चुलीकडनं. माझी तिसरी भाकरी!