बेकरीच्या खिळ्यावरचा मास्क

मित्रांनो, मी एक जुना कापडी मास्क आहे. जन्मलो तोंडं झाकायला, पण आज माझंच तोंड कुठं लपवू असं मला झालंय. तरी सांगतो. सांगितल्याशिवाय मन हलकं व्हायचं नाही.

साथ नुकतीच आली होती. एका बेकरीच्या मालकीणबाईंनी मैद्याचं धुतलेलं पोतं कापलं, दुपदरी शिवलं आणि जुन्या अभ्र्याच्या नाड्या लावल्या. टाके असे बारीक, की बघणाऱ्यानं बघतच राहावं. मग त्यांनी मला दारातल्या खिळ्यावर अडकवलं आणि वर सुनेकडून पाटी लिहून घेतली, ‘मास्कशिवाय आत येऊ नये’.

“कुणी विसरून आलं तर हा घालायचा, पाव घ्यायचा, जाताना परत अडकवायचा,” बाईंनी जाहीर केलं. “माझ्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जाणार नाही.”

सून दबकत म्हणाली, “आई, एकाचा दुसऱ्यानं घालू नये म्हणतात. दहा-बारा शिवूया ना. मी धूत जाईन.”

“म्हणतात म्हणे! तू कालची आलीस आणि मला शिकवतेस? रोज संध्याकाळी धुतेच की मी त्याला.”

झालं. सून पुन्हा पाव मोजायला लागली.

माझा काय तो मान! दिवसाला वीस-पंचवीस तोंडं. टॅक्सीवाला, शाळेतल्या बाई, पोस्टमन, सगळे म्हणायचे, “बाईंनी छान सोय केली.” मी फुगून गेलो. दुपारपर्यंत मी ओलाचिंब व्हायचो, ते मला कळत होतं. पण कौतुक कानाला गोड लागतं.

मला नाक मुरडायचे ते एकटे भट्टीवाले काका. तीस वर्षं त्यांनी तिथं पाव भाजले होते. “आयुष्यभर पीठ आणि धूर खाल्लाय. मला काय होतंय? डॉक्टर तर रोज नवीन सांगतात.” रेडिओनं सांगून झालं, पोलिसानं दटावून झालं. काका बधले नाहीत.

एका दुपारी गर्दी झाली आणि काकांना काउंटरवर यावं लागलं. बाईंनी मला खिळ्यावरून उतरवलं.

“घाला. डॉक्टरचं राहू द्या, मी सांगते म्हणून घाला.”

“तुम्ही सांगता म्हणून हं!” काका हसले आणि त्यांनी मला चढवलं.

दहाच मिनिटांपूर्वी मी एका खोकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर होतो. बाईंनी ते पाहिलं होतं. मित्रांनो, मला वाचा नव्हती. त्यांना होती.

पाचव्या दिवशी काका तापले. तीन आठवडे दवाखान्यात होते. दुखणं माझ्यातूनच गेलं की आणखी कुठून, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण काका तापल्याचं कळलं त्याच दिवशी बाईंनी मला खिळ्यावरून काढलं, ते कायमचंच.

काका परत आले ते निम्मे होऊन. एक पायरी चढले की थांबायचे. ते दाराबाहेरूनच म्हणाले, “बाई, मास्क घरी राहिला. तो खिळ्यावरचा द्या ना.”

ज्या बाईंनी आयुष्यात बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता, त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या.

“तो नाही देणार. चुकलं माझं, काका. सूनबाई सांगत होती, मी ऐकलं नाही.”

“अहो, असं काय बोलता? तुम्ही सांगितलंत म्हणून तर मी घालायला लागलो!”

ते प्रेमानंच बोलले. पण शिवी घातली असती तर बरं झालं असतं, असा बाईंचा चेहरा झाला.

“सूनबाई,” त्यांनी आत हाक मारली, “तू नवे शिवलेस ना, त्यातला धुतलेला एक आण. आणि कसा घालायचा, कसा काढायचा, ते मलाही सांग.”

आता मी बटणांच्या डब्यात पडून असतो. मित्रांनो, तुमच्या शब्दावर डोळे मिटून विसंबणारं कुणीतरी असेलच. त्याला काही सांगण्याआधी स्वतः नीट समजून घ्या. घरातलं धाकटं माणूस सांगत असेल, तरी ऐका. आणि मला कधी बाहेर काढलंत, तर कुणाच्या तोंडाला लावू नका. काकांच्या भट्टीचं दार पुसायला घ्या. तेवढं काम मी चोख करीन.